लखमाची अमावास्येची आगबोट

आमच्या दुकानासमोरचा लखमाचा ओटा दर अमावास्येला दर्यात जायचा.

हसू आलं ना? हसा. सगळं जव्हार हसायचं, त्यात तुमची भर. मी तर डहाणूकडची, खाडीच्या काठावर वाढलेली. लग्न होऊन या डोंगरावर आले तेव्हा वाटलं होतं, सुटले बाई त्या खाऱ्या वाऱ्यातून आणि सुक्या मासळीच्या वासातून. तर इथं समोरच हा बाबा! ओट्यावर खुर्ची टाकून, पाय लांब करून बसलेला. मी नवी नवरी, पण तोंड आवरायची सवय नव्हती. सहज विचारलं, "काय लखमा, आज बंगल्यावर नाही गेलास?" तर म्हणतो कसा, "कसा जाऊ बाय? चारी बाजूंनी पानी हाय."

मी वाकून पाहिलं. रस्त्यावर वीतभर धूळ होती आणि तिच्यात आमचीच कोंबडी अंग घोळवत बसली होती.

लखमा मूळचा पोशेऱ्याचा. घरची नागलीची शेती भावांच्या पोटालाच पुरेना, म्हणून पोरवयातच जव्हारला आला आणि संस्थानच्या कारभाऱ्यांच्या बंगल्यावर पंखा ओढायला लागला. तेव्हा विजेचे पंखे कुठले! बैठकीच्या छताला लाकडी दांडी टांगलेली, तिला लांबरुंद झालरीचं कापड, आणि दांडीची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडवीत आलेली. त्या दोरीच्या टोकाला लखमा. आत कारभारी लिहायला बसले की यानं बाहेर दोरी ओढायची, कारभारी जेवायला बसले की ओढायची, कारभारी घोरायला लागले तरी ओढायचीच. थांबला की आतून आरोळी. हात भरून आले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि आडवं पडून पाय हलवायचा.

तुम्ही म्हणाल, जव्हारसारख्या थंड हवेच्या गावात पंखा कशाला? तेच तर! बाहेर झाडं डुलत असायची आणि कारभारी दारं-खिडक्या लावून आत बसायचे. धूळ येते म्हणे कागदांवर.

या कामानं लखमाचा उजवा पाय त्याचा राहिलाच नव्हता. जेवताना हलायचा, देवळात हात जोडून उभा असताना हलायचा. आमच्या दुकानात मीठ घ्यायला यायचा तेव्हा बोलता बोलता पायरीवर पाय वरखाली करत राहायचा आणि माझी सासू करवादायची, "अरे, दळिद्र येतं असा पाय हलवून!" लखमा पायाकडं बघायचा आणि परक्याच्या गुराला दटावावं तसं म्हणायचा, "थांब रे." पाय काही थांबायचा नाही.

थांबायचा तो फक्त अमावास्येला.

आता आगबोटीचं सांगते. ही गोष्ट मी त्याच्याकडून इतक्या वेळा ऐकलीय की मीच जाऊन आले असं वाटतं. फार पूर्वी, मी या गावात यायच्या आधी, तेव्हाचे म्हातारे कारभारी संस्थानच्या सागाच्या ठेक्यासाठी मुंबईहून आगबोटीनं कराचीला निघाले. बोटीवर उकडेल म्हणून पंखा ओढायला लखमाला बरोबर घेतलं. पंखा तिथं कशाला टांगणार होते ते देव जाणे, पण ओढणारा बरोबर हवा. बोट किनाऱ्यापासून लांब गेली, हलायला लागली आणि कारभारी जे आडवे झाले ते उठलेच नाहीत. कारकून आडवा, आचारी आडवा. ओकाऱ्यांनी सगळ्यांच्या माना टाकलेल्या. ठणठणीत एकटा लखमा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हाक मारायला कोणी शुद्धीवर नव्हतं!

तो वर डेकवर आला. आणि वारा! असा वारा त्यानं कधी पाहिला नव्हता. मग या माणसानं काय केलं असेल? वारा खाल्ला? छे. तो दोरी शोधायला निघाला.

"खरं सांगतो बाय," तो म्हणायचा, "मना वाटलं, एवढा वारा म्हंजे दोरी केवढी आसंल! आन् वढनारा कवाचा वढीत आसंल! म्हनलं जाऊ, त्याचं नाव-गाव इचारू, घटकाभर आपुन वढू, त्याला भाकर खाऊ दे."

साऱ्या बोटीला त्यानं प्रदक्षिणा घातली. शिडाच्या खांबामागं पाहिलं, धुराड्यामागं पाहिलं, दोरखंडांची वेटोळी उचलून पाहिली. शेवटी एका खलाशानं हटकलं, तर यानं विचारलं, वारा ओढणारा कुठं बसतो? खलाशी हसून हसून खाली बसला. मग म्हणाला, "चाचा, इथं कोणी ओढत नाही. आपोआप येतो." आणि त्यानं लखमाला एका कापडी खुर्चीत बसवलं, चहाचा पेला हातात दिला आणि निघून गेला. दिवस मावळेपर्यंत लखमा त्या खुर्चीत होता. कोणी ऊठ म्हटलं नाही. दिसायला नुसतं पाणी, करायला काही नाही.

गोष्ट एवढीच. यात ना वादळ, ना देवमासा. लोक अर्ध्यातच उठून जायचे. पण लखमा शेवटाला आला की आवाज खाली आणायचा आणि सांगायचा, "वारा आपला आपुन येतो, बाय. आपुन उगाच वढतो."

परत आल्यावर त्यानं कारभाऱ्यांना सरळ सांगितलं, अमावास्येला मी येणार नाही, माझी बोट असते. "अवसेला बैलाच्या मानंवर जू ठेवीत नाय. मंग माझ्याच का?" म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी मुकाट्यानं मान्य केलं. बोटीवर आपण 'आई गं, आई गं' करून कसे रडलो ते पाहणारा हा एकच माणूस शुद्धीवर होता, हे ते विसरले नव्हते.

तेव्हापासून हा नेम. दिवस उगवला की लखमा रस्त्यावरून ओट्याला एक फळी लावायचा. ओटा माझ्या गुडघ्याइतका उंच, पण चढायचं ते फळीवरूनच. कोणी सरळ पाय टाकून वर आला की हा ओरडायचा, "आरं बुडशील!" वर दोन खुर्च्या. बंगल्यावरच्या पंख्याचं कापड फाटलं की टाकून द्यायचे. ते आणून त्यानं सागाच्या दांड्यांना ताणून बसवलेलं, झालरीसकट. पंख्याच्याच कापडावर पंखेवाला रेलून बसायचा, आणि दिवस मावळेपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही. एकदा आमची म्हैस दावं तोडून उधळली. आमचे हे तिच्यामागं धावताहेत, मी ओरडतेय, "अरे लखमा, अडव तिला!" लखमा उठला, पण खाली उतरला नाही. ओट्यावरूनच दोर फेकला. दोर आमच्या ह्यांच्या गळ्यात पडला. म्हैस दाभोशाच्या वाटेला लागली आणि लखमा आमच्या ह्यांना वर ओढत म्हणत होता, "घाबरू नका शेटजी, वाचवलं तुमाला."

मी समुद्राची लेक. मला त्याच्या चुका दिसायच्या. "अरे, अमावास्येला उधाण असतं! आमच्याकडचे कोळीसुद्धा जपून असतात." तर म्हणे, "तुमच्या दर्याला आसंल." मी म्हटलं, "बरं, बोट सुटल्यावर फळी आत ओढून घेतात, एवढं तरी पाहिलं होतंस का? तुझी फळी दिवसभर रस्त्यावर पडलेली. असली कसली बोट?"

यावर मात्र त्याचं उत्तर तयार असायचं. दुसऱ्या खुर्चीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "अजून एक पाशिंजर यायचा हाय."

त्या खुर्चीत तो कोणाला बसू द्यायचा नाही. गावात पैजा लागायच्या. कोणी म्हणे म्हातारे कारभारी, कोणी म्हणे तो खलाशी. आमचे हे म्हणायचे, वेड्याला कसला आलाय पाहुणा, एकाच खुर्चीपुरतं कापड कापता आलं नसेल.

आणि हे सगळं चालू असताना लखमाची बायको जानी डोक्यावर भाताची पाटी घेऊन त्या ओट्यापुढून जायची-यायची. जानी कांडण करायची. बंगल्याचं, आमचं, आणखी चार घरांचं. भल्या पहाटे तिच्या मुसळाचा आवाज सुरू व्हायचा आणि मला जाग यायची. बुटकी, काटक, जिभेला धार. नवऱ्याची बोट तिच्या डोळ्यांत सलायची.

"ये ना गं," लखमा म्हणायचा.

"तू बुड. मना कामं हायेत."

"घटकाभर."

"घटकाभरात कांडण कोन करील? तुझा कप्तान?" आणि हातातलं सूप त्याच्याकडं झटकून जायची. कोंडा उडून खुर्चीवर पडायचा. लखमा तो झटकायचा आणि खुर्ची नीट करून ठेवायचा. दर अमावास्येला, न चुकता, तो एकदा विचारायचा आणि ती एकदा झिडकारायची. मी हे रोजच्या भांडणातलं भांडण समजत होते. कळायला हवं होतं, पण समोर दिसतं ते कळतंच असं नाही.

म्हातारे कारभारी गेले, नवे आले. घाटावरचे, कडक इस्त्रीचे, प्रत्येक वाक्यात 'शिस्त' म्हणणारे. त्यांच्या कानावर बोट गेली. पहिल्या खेपेला हसले, दुसऱ्या खेपेला दम दिला. मग त्या वैशाखात ठाण्याहून कोणी गोरा साहेब मुक्कामाला यायचा ठरला, नेमका अमावास्येला. कारभाऱ्यांनी लखमाला समोर उभं करून सांगितलं, "त्या दिवशी दोरीवर दिसला नाहीस, तर नोकरी गेली आणि ती ओट्यामागची खोलीही खाली करायची. संस्थानची खोली आहे, तुझ्या बापाची बोट नव्हे."

लखमा म्हणाला, "आदल्या दिशी रातभर वढतो. दुसऱ्या दिशी दुप्पट वढतो. अवसेला नाय."

ही बातमी त्याच्या आधी बाजारात पोचली. त्या संध्याकाळी जानीचा आवाज आमच्या माडीवर ऐकू येत होता. "म्हातारपनी मना कोरड्या जागंवर बुडवतोस रे! कुठं जायचं? पोशेऱ्याला? भावांच्या दारात?" मीही वैतागले होते, खोटं कशाला बोलू. सकाळी त्याला गाठून झापलं, "एक दिवस ओढ की रे बाबा! कोण बघायला बसलंय तुझी बोट?"

"मी बघतो ना," तो म्हणाला. "बाय, ते म्हनतात तवा मी उठतो, म्हनतात तवा झोपतो. ह्यो एक दीस माझा हाय. त्योबी दिला तर मंग लखमा कोन? भिंतीतली दोरी."

मी दुकान उघडायला वळले.

अमावास्या उजाडली. बाजाराचा दिवस. मोखाड्याकडून, दाभोशाकडून माणसं उतरलेली, रस्ता भरलेला. आणि उकाडा असा, की झाडाचं पान हलेना. जव्हारात असं कधी होत नाही, पण त्या दिवशी झालं. लखमानं फळी लावली, वर चढला, पाय लांब केले. घामानं निथळत होता, पण तोंडावर हट्ट. लोक भोवती जमले. कोणी म्हणालं, "लखमा, तुझ्या दर्यात वारा पडला रे!" तो म्हणाला, "येईल. त्याचा तो येईल."

बंगल्यावरचा महादू शिपाई आला. बोलावणं सांगितलं. लखमानं नकाराची मान हलवली. महादू गेला, घटकाभरानं पुन्हा आला. पट्ट्यापर्यंत भिजलेला, कावलेला.

"लखमा, साहेब आलाय. आत भट्टी झालीय. कारभारी लालेलाल झालेत. शेवटचं विचारतो, येतोस का?"

"नाय."

"मग जानी कुठाय? कारभारी म्हणाले, तो येत नसेल तर त्याच्या म्हातारीला आण. दोरीच ओढायचीय, कोणीही ओढेल."

जानी तिथंच होती. आमच्या दुकानाच्या पायरीपाशी. बंगल्यावरच्या जेवणावळीसाठी पहाटेपासून कांडून कांडून आता कुठे पाखडलेले तांदूळ माझ्या हवाली करायला आली होती, ते पोचवायचं काम माझ्याकडं होतं. तिच्या तळहातांना फोड आलेले मी पाहिले. तिनं महादूकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता ही निघणार बंगल्याकडं. नवऱ्याला चार शिव्या घालेल आणि खोली वाचवायला जाईल. मी असते तर गेले असते.

जानीनं पाटी माझ्या पायाशी ठेवली. हातात रिकामं सूप तेवढं राहिलं. सरळ रस्ता ओलांडला. फळीपाशी थांबली, लुगडं सावरलं, आणि त्या गुडघाभर उंच ओट्यावर, सगळा बाजार बघत असताना, फळीवरून तोल सांभाळत चढली. वर जाऊन मागं वळली, वाकली, आणि फळी आत ओढून घेतली.

"सांग जा तुझ्या कारभाऱ्याला," ती महादूला म्हणाली, "दोघं बी दर्यावर गेल्यात."

आणि दुसऱ्या खुर्चीत बसली.

महादू ओट्यापर्यंत गेला. एक पाय उचलला असता तर वर पोचला असता. त्यानं ओट्याकडं पाहिलं, मग खालच्या धुळीकडं पाहिलं, आणि तिथंच घोटाळला. "अगं, फळी तरी टाक," तो म्हणाला. "मी वर कसा येऊ?" मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो पागोट्यानं घाम पुसत माघारी गेला.

खोली गेली हे तुम्ही ओळखलं असेल. नोकरीही गेली. मी आमच्या ह्यांना सांगितलं, मागची वखारीची खोली रिकामी आहे, लखमा आणि जानी तिथं राहतील, नाहीतर मी माहेरी जाते. ह्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि किल्ली काढून दिली. वखारीचा ओटा आधीच्यापेक्षा उंच होता. लखमा म्हणाला, "ही बोट मोठी हाय." आम्ही त्याला वखारीच्या राखणीला ठेवला, जानीचं कांडण चालू राहिलं, आणि अमावास्येला आमच्याही घरचं कांडण बंद झालं. सासू कुरकुरली. कुरकुरू दे.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं. महादू गेला, गर्दी पांगली. जानी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, सूप मांडीवर घट्ट धरून. बसायची सवयच नव्हती बाईला.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"काय नाय."

"काय नाय म्हंजे?"

"मागं रेल. बसायचं. वारा आपला आपुन येतो."

ती हळूहळू मागं रेलली. डोळे मिटले. मग थोड्या वेळानं, डोळे न उघडताच म्हणाली, "कुठं येतोय तुझा वारा?"

खरंच नव्हता. कणभर नव्हता. तिच्या कपाळावरून घाम गळ्यात उतरत होता. लखमानं झाडांकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. ज्यानं कारभाऱ्यासाठी हात हलवला नव्हता, गोऱ्या साहेबासाठी हलवला नव्हता, नोकरीसाठी आणि डोक्यावरच्या छपरासाठी हलवला नव्हता, त्यानं तिच्या मांडीवरचं सूप अलगद काढून घेतलं आणि तिला वारा घालायला लागला.

"आला बघ," तो म्हणाला.

"हां," जानी म्हणाली. "आला."

मग तो आगबोटीची गोष्ट सांगायला लागला. तिनं ती कधी ऐकलीच नव्हती हो! आम्हा सगळ्यांना पाठ, आणि तिला ऐकायला कधी वेळच मिळाला नव्हता. तो दोरी शोधायला निघाला तिथपर्यंत ती हुंकार देत होती. बोटीला प्रदक्षिणा घालून झाली तेव्हा हुंकार थांबला. भर बाजारात, भर दुपारी, तोंड उघडं टाकून जानी झोपली होती.

लखमा थांबला नाही. हळू आवाजात खलाशी, खुर्ची, चहा, सगळं शेवटपर्यंत सांगितलं आणि सूप हलवत राहिला. मी दुकानातून पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "पाशिंजर निजलाय, बाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. तेवढ्यात सुकी मासळी विकणारी एक बाई टोपली घेऊन ओट्याच्या बाजूला बसली आणि गळा फाडून ओरडायला लागली. मी पदर खोचला, रस्त्यात उतरले आणि तिच्या अंगावर गेले, "ए बाई, हळू! दिसत नाही का, बोट चाललीय?"